तिथं तुमचं कोण असतं?

"ताई, तुमचं तिथं कोण असतं?" मंगळवारी स्टँडवर कोणी ना कोणी विचारतंच. तिथं म्हणजे गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. कोणी नसतं. सासूबाई घरीच आहेत, माझ्यावर ओरडण्याइतक्या धडधाकट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी तिथं अडकले ती पेल्यांमुळे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलाच्या वाढदिवसाचं जेवण घेऊन गेले होते. पारा ४५ वर. संध्याकाळचे पाच वाजलेले, आणि प्रत्येकाच्या उशाशी स्टीलचा पेला पालथा. एका आजीला पाणी द्यायला गेले, तर तिनं आधी दाराकडे पाहिलं. "नको वं बाई. पाचनंतर नाही देत. रात्री गादी ओली होते."

मला तिथं काम करणाऱ्या मावशीचाच राग आला. मग कळलं, रात्री बावीस जणांना ती एकटी. डायपर मोजून मिळणार. त्यावर तिनं काढलेला उपाय म्हणजे पाणी बंद. म्हातारपणी तहान तशीही कमी जाणवते. पाणी कमी पडलं की लघवीला त्रास, मग असंबद्ध बडबड, आणि आपण म्हणतो, बुढीला भ्रम झाला. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटी बाई किती कुशी बदलणार?

तक्रार करायला निघाले तर आजीनं हात धरला. "बोलू नको वं काही. तू त जाशीन घरी, मले इथंच राहा लागते."

म्हणून अर्जात कोणाचंच नाव घातलं नाही. रात्रीला दुसरी मावशी द्या, एवढंच मागितलं. एका ऑफिसातले साहेब म्हणाले, "मुलांवर केस करायला सांगा त्यांना." आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते, खरं आहे. (ज्यांना मुलंच नाहीत त्यांनी कोणावर करायची, हे मी विचारलं. चहा आला.) त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये सरकारनं जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याचंही लिहिलंय. ते पान साहेबांपुढे मीच उघडून ठेवलं.

सात महिने खेटे घातल्यावर दुसरी मावशी आली. आठवड्यातून चार रात्री.

मंगळवार उरलेल्या तीनांत येतो. म्हणून मी त्याच दिवशी जाते, पाचच्या ठोक्याला, आणि पेले सुलटे करते.