टाकी आणि तुळईचे टोक

गिरगावातील एका जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना घरात पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी माशांची टाकी ठेवायची होती. विक्रेत्याला विसारही देऊन झाला होता. परंतु जमीन लाकडी तुळयांवर असल्याने त्यांच्या वडिलांनी आधी अभियंत्याला दाखवण्याचा आग्रह धरला, म्हणून मी तेथे गेलो.

पाणी, बारा मिलिमीटर जाडीची काच, वाळू-दगड आणि लोखंडी स्टँड धरून एकूण वजन पावणेआठशे किलोच्या आसपास जात होते, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोंहून अधिक. घरगुती वापरासाठी आय.एस. ८७५ या भारतीय मानकात धरलेला चलभार, म्हणजे माणसे आणि सामानाचे वजन, चौरस मीटरला साधारण दोनशे किलो आहे. “पण साहेब, गणपतीत इथे तीस माणसे बसतात,” असे गृहस्थ म्हणाले. माणसे खोलीभर विखुरतात आणि रात्री घरी जातात. टाकी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहते, आणि अखंड भाराखाली लाकूड हळूहळू वाकतच जाते, हे मी त्यांना समजावले.

वरून कोबा आणि लाद्या असल्याने तुळया पाहायच्या तर खालच्या घरात जाणे भाग होते. तेथील आजींनी पोटमाळा रिकामा करून दिला. सागवानी तुळया सव्वा-सव्वा फुटावर होत्या, गाळा, म्हणजे दोन टेकांमधले अंतर, अकरा फुटांचा. गृहस्थांनी निवडलेली जागा तुळयांना समांतर असलेल्या आतल्या भिंतीलगत, बरोबर मध्यावर होती. तेथे सारे वजन दोनच तुळयांवर आले असते. तीच टाकी मागच्या भिंतीशी तुळयांना आडवी ठेवली, तर चार तुळया भार वाटून घेतात आणि प्रत्येकीवरील वाकवणारा जोर सुमारे पाचव्या भागावर येतो. कागदावर उत्तर मिळाले होते.

मात्र भिंतीजवळ ठेवलेल्या टाकीचे नव्वद टक्के वजन तुळईच्या भिंतीतल्या टोकावरच उतरते, आणि ते टोक कोणाला दिसत नाही. मागची भिंत हाऊस गल्लीकडची, म्हणजे दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या अरुंद बोळाकडची; बाहेर सांडपाण्याचा गळका पाईप आणि त्याच्या सांध्यात मूळ धरलेला पिंपळ. मी हातोडीने ठोकत गेलो. मध्यावर खणखणीत वाजणारी तुळई भिंतीपाशी बद्द वाजू लागली. दोन तुळयांत स्क्रू ड्रायव्हर दीड इंच सहज शिरला आणि ओलसर भुसा बाहेर आला. आजी म्हणाल्या, “हा भुसा मी रोज झाडते, मला वाटले उंदीर.”

टाकीला मी स्पष्ट नकार लिहून दिला. टाकी आली नसती, तरी ती टोके तशीच कुजत राहिली असती. त्यामुळे अहवालात पहिली सूचना तात्काळ टेकू देण्याची, दुसरी पाईप बदलून पिंपळ मुळासकट काढण्याची, आणि त्यानंतर कुजलेला भाग कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने जोडण्याची केली. दुरुस्तीनंतर नव्वदेक लिटरची लहान टाकी चालेल, एवढीच सवलत दिली. गृहस्थ विसाराच्या रकमेवरून हळहळले. आजींची हरकत एकच होती: टेकू ओट्यासमोर नको. आम्ही तो हातभर सरकवून, वर आडवी फळी देऊन बसवला.