पडद्यामागून पाहिलेले सूर्यकांत

गणपतीत आमच्या गिरगावातल्या वाडीत एक रात्र पडद्याची असायची. आरती आटोपली की दोन चाळींच्या मध्ये पांढरी चादर ताणायची, भाड्याने आणलेला १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर टेबलावर चढवायचा. जेवणं उरकून सगळी वाडी सतरंज्या घेऊन खाली उतरायची. पुढची जागा बायकांची आणि म्हाताऱ्यांची, आम्ही पोरं चादरीच्या मागे. रीळ बदलताना प्रोजेक्टरवाले काका फिल्मचं टोक दातेरी चाकात अडकवीत, तेवढ्या वेळात कोऱ्या चादरीवर बोटांची हरणं नि कोंबडे नाचायचे.

ही १९७० नंतरची गोष्ट, पण चित्रपट आधीच्या दशकातले. 'जगाच्या पाठीवर', 'मानिनी', 'पाठलाग'. आणि भालजी पेंढारकरांचा १९६५ चा 'साधी माणसं' तर कितीदा लागला असेल! चादरीमागून सगळं उलटं दिसतं. त्यात ऐरणीवर घाव घालणारे नायक सूर्यकांत आमच्या लेखी डावखुरेच होते.

वाडी पुढे पांगली. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी बोरिवलीला. काही वर्षांपूर्वी मंडळाने ही रात्र पुन्हा सुरू केली. आता पेनड्राइव्ह असतो, पण चादर त्याच पद्धतीने बांधतात आणि त्या रात्री सगळे येतात. मी आता पुढे बसतो.

पुढून पाहताना काही गोष्टी उतरतात, काही चढतात. 'साधी माणसं'मधली गाव भलं आणि शहर वाईट ही वाटणी आज मला पटत नाही. त्या शहरानेच आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांना पोसलं. पण 'ऐरणीच्या देवा' सुरू झालं की मी सगळं विसरतो. आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी बांधलेली ती चाल, भट्टीचा उजेड, आणि नवऱ्याच्या बरोबरीने राबणारी जयश्री गडकर. लहानपणी मी फक्त ठिणग्या पाहिल्या होत्या. त्या दोघांचा संसार त्या कामातच आहे, हे तेव्हा कुठे कळत होतं?

'जगाच्या पाठीवर'चंही तसंच. राजा परांजप्यांच्या फजितीला आम्ही खदखदून हसायचो. आंधळ्या मुलीच्या भूमिकेतल्या सीमाच्या तोंडी 'तुला पाहते रे' देणाऱ्या गदिमांचं मोठेपण मला पन्नाशीत उमगलं. 'पाठलाग' मात्र शेवट ठाऊक असूनही धरून ठेवतो. त्यावरून १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला, साधना त्यात सुंदर दिसते, पण माझं मत 'पाठलाग'ची नायिका भावना हिलाच.

गेल्या वर्षी 'साधी माणसं' लावला. आईला खुर्ची दिली होती. मध्यंतरात मी विचारलं, "आई, वर जायचंय का?" ती म्हणाली, "आता कुणाला निजवायचंय?" तेव्हा लक्षात आलं. धाकट्याला झोप आली की ती दरवर्षी अर्ध्यावर उठून जिना चढायची. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची डाळ भिजत घालायची असायची.

शेवटपर्यंत ती पदर तोंडाशी धरून बसली होती. दिवे लागल्यावर म्हणाली, "पुढे एवढं सगळं होतं होय रे?"