स्किबरीनचे वरंबे

"ताई, इथे सगळं मोकळं मोकळं आहे, तुला आवडेल," असं भाऊ फोनवर म्हणाला होता. तो नोकरीनिमित्त आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहतो. शहराच्याच नावाची कॉर्क ही तिथली सगळ्यात मोठी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, साधारण साडेसात हजार चौरस किलोमीटरची. माझा रत्नागिरी जिल्हा त्याहून थोडासाच मोठा, पण आमच्याकडे माणसं सोळा लाख. कॉर्कमध्ये 2022 च्या जनगणनेत 5,84,156, आणि त्यातलेही सव्वादोन लाख एकट्या शहरात.

पहिले तीन दिवस शहर, कोव्हचं बंदर आणि ब्लार्नी किल्ल्यावरच्या रांगेत गेले. तिथल्या एका दगडाचं चुंबन घेतलं की बोलण्यात चतुराई येते, अशी समजूत आहे. त्या दगडाला ओठ लावण्यासाठी दोन तास रांगेत उभं राहण्यात मला काडीचा रस नव्हता. पुन्हा कधी उभी राहणार नाही.

चौथ्या दिवशी पश्चिमेला निघालो. इथले डोंगर पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर. मधल्या दऱ्यांतून ब्लॅकवॉटर, ली, बॅन्डन या नद्या पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेला मात्र हेच डोंगर थेट अटलांटिकमध्ये शिरलेत. हिमयुगानंतर समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या, त्यांच्या खाड्या झाल्या: रोअरिंगवॉटर, डनमॅनस, बँट्री. वर उरलेले डोंगर म्हणजे मिझन, शीप्स हेड आणि बेरा ही लांबच लांब भूशिरं. खाडीकाठी वाढलेल्या मला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. फक्त माणसं दिसत नव्हती. छप्पर नसलेल्या दगडी भिंती, आत वाढलेलं झुडूप, आणि मैलभर पुढे पुन्हा तशाच भिंती.

एका उतारावर गवताखाली समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या. भावाला वाटलं, पाणी काढून द्यायचे चर असतील. संध्याकाळी स्किबरीन गावाजवळ ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बटाट्याचे वरंबे ते. दुष्काळाच्या आधीचे. नंतर तिथे कुणी काही लावलंच नाही."

पावणेदोनशे वर्षं झाली आणि वरंबे अजून तसेच. आमच्याकडे दोन पावसाळे शेत पडीक राहिलं तरी बांध ओळखू येत नाही.

1841 मध्ये या काउंटीत साडेआठ लाख माणसं होती. 1845 ला बटाट्यावर करपा आला, पुढच्या वर्षी पुन्हा आला, आणि गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतंच. बंदरांतून लोणी आणि धान्य बाहेर जातच राहिलं. 1851 ला माणसं उरली साडेसहा लाख. मग बोटी भरभरून लोक जात राहिले. त्या 1841 च्या आकड्याला कॉर्क आजही पोहोचलेलं नाही. मोकळं मोकळं म्हणतो ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयलन नदीकाठच्या अॅबीस्ट्रोरी दफनभूमीत गेलो. बाकीच्या कबरींवर नावं आहेत, क्रूस आहेत. एक तुकडा मात्र नुसता गवताचा. त्याच्याखाली आठ ते दहा हजार माणसं आहेत. एकाचंही नाव नाही. मी चपला काढल्या. तिथे तशी पद्धत नाही, पण पायच पुढे जाईनात. गवत ओलं होतं, बर्फासारखं गार. भाऊ लांब उभा राहिला, काही बोलला नाही. आम्ही तिथे अर्धा तास होतो, आणि खरं सांगायचं तर या प्रवासातलं बाकी सगळं मला त्या अर्ध्या तासाच्या मागेपुढे घडल्यासारखं आठवतं. तुम्ही जाणार असाल तर या जागेला एक सकाळ द्या, किल्ला राहिला तरी चालेल.

रात्री आजींनी सालासकट उकडलेले बटाटे आणि लोणी पुढे ठेवलं. "आणखी घे गं, घास मोजू नकोस." भिंतीवर तीन फोटो होते. मुलगा बॉस्टनला, एक मुलगी सिडनीला, दुसरी लंडनला. नाताळात येतात, सगळी नाही, आलटून पालटून. मी म्हटलं, आमच्याकडे असेच गणपतीला मुंबईहून येतात, कुलपं काढतात, पाच दिवसांनी पुन्हा लावतात.

आजी बटाट्याचं साल काढता काढता थांबल्या. "तुमच्या वाडीत वर्षभर किती घरं उघडी असतात?"

मी डोळे मिटून वरच्या आळीपासून मोजायला लागले. चौदांपैकी पाच. काकूचं धरून.