डी अँड डी: चालू मोहीम २०१४च्या नियमांवरून २०२४च्या नियमांवर नेताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या कथा-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, २०१४ साली आलं. त्याचं सुधारलेलं रूप सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, पाठोपाठ नोव्हेंबरात डंजन मास्टर्स गाइड आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. प्रकाशक कंपनी याला सहावी आवृत्ती म्हणत नाही. जुनी साहसं नव्या नियमांवर चालतात असं सांगते. चालतातही. पण आपल्या इंदुरी टेबलांवर एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याच्या फोनवर नवे नियम आणि डीएमच्या (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळवणारा) डोक्यात दोन्हींची सरमिसळ असा प्रकार सहज होतो, आणि बिघडतं ते तिथेच. माझं मत आधीच सांगून टाकतो: खेळाडूंसाठी नवे नियम सरस आहेत, पण डीएमने लढतीचा हिशेब नव्या पुस्तकातून डोळे झाकून उचलू नये.

उदाहरणच घेऊ. तिसऱ्या लेव्हलचे (अनुभवाच्या पायरीचे) चौघे खेळाडू मांडूच्या वाटेवर आहेत (माळव्यातल्या डीएमने परदेशी टॅव्हर्न सोडून असं काही वापरावं, नकाशा आपोआप डोळ्यांपुढे येतो) आणि काकडा खोहच्या (तिथल्या दरीच्या) काठाशी बारा गॉब्लिन (छोटे, चपळ राक्षस) दबा धरून बसलेत. एका गॉब्लिनचे एक्सपी (अनुभव गुण, शत्रूच्या ताकदीचं माप) ५०, एकूण ६००. जुन्या गाइडमध्ये शत्रूंच्या संख्येनुसार गुणक लागतो: दोघांना दीडपट, ३ ते ६ जणांना दुप्पट, ७ ते १० जणांना अडीचपट, ११ ते १४ जणांना तिप्पट. म्हणजे ६००चे झाले १,८००. तिसऱ्या लेव्हलची ‘डेडली’ मर्यादा माणशी ४००, चौघांची १,६००. लढत जिवावरची ठरते. नव्या गाइडने गुणक काढूनच टाकला. तिथे ६०० म्हणजे ६००, आणि तिसऱ्या लेव्हलला ‘लो’ (सर्वांत हलक्या लढतीचं) बजेट माणशी १५०, चौघांचं बरोबर ६००. त्याच बारा गॉब्लिनांची लढत एका पुस्तकात ‘डेडली’ आणि दुसऱ्यात ‘लो’.

त्यात नवा गॉब्लिनही जुना राहिलेला नाही. जुन्याचे हिट पॉइंट (जीव) ७ होते, नव्या गॉब्लिन वॉरियरचे १० आहेत. त्याचा वार अ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊन) झाला आणि लागला तर वर १डी४ (चार बाजूंचा एक फासा) इजा जास्त होते, आणि बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) लपण्याची त्याची सवय कायम आहे. लपला की अ‍ॅडव्हांटेज, अ‍ॅडव्हांटेज मिळाला की जादा इजा. शिवाय तो आता ह्युमनॉइड (माणसासारखा जीव) नसून फे (परीलोकातला जीव) आहे, म्हणजे ह्युमनॉइडना जागीच खिळवणारी होल्ड पर्सन ही स्पेल (मंत्र) त्याच्यावर चालत नाही. विझर्डला (जादूगार खेळाडूला) हे आधी सांगा, ऐन लढतीत नको.

एका बाबतीत मात्र नवे नियम खेळाडूंची बाजू घेतात. जुन्या नियमांत अचानक हल्ला झाला की बेसावध माणसाची पहिली पाळी वायाच जायची. बारा गॉब्लिनांना एक अख्खी फेरी फुकट मिळायची. आता बेसावध असणाऱ्याला इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) फक्त डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) मिळतो. तरीही बारा म्हणजे बारा. माणशी दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर पटकन मरणारे निवडा, असं नवं गाइडच सांगतं, पण बजेटच्या आकड्यात ते कुठे दिसत नाही. टेबलावर चालणारा तोडगा असा: माणशी दोनपेक्षा जास्त शत्रू झाले की बजेट काहीही म्हणो, ती लढत ‘हाय’ (नव्या पुस्तकातली सर्वांत अवघड पातळी) धरायची आणि तुकड्या करायच्या. आठ समोर, उरलेले चार तिसऱ्या फेरीत खोहातून वर चढून. एकट्या मोठ्या राक्षसाचा हिशेब या लेव्हलला फारसा बदलत नाही. जुनं ‘डेडली’ आणि नवं ‘हाय’ दोन्ही माणशी ४००च आहेत.

आता कॅरेक्टर शीट (पात्राचा तपशील लिहिलेला कागद). इथे नेहमीची चूक बेरजेची. जुन्या नियमांत अ‍ॅबिलिटीचे (ताकद, चपळाई वगैरे क्षमतांचे) वाढीव गुण वंशातून मिळायचे, आता ते बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) मिळतात: ठरलेल्या तीन अ‍ॅबिलिटींपैकी एकीला +२ आणि दुसरीला +१, किंवा तिन्हींना +१. सोबत एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारं खास कौशल्य). जुन्या पुस्तकातला ड्वॉर्फ वंश आणि नव्या पुस्तकातलं सोल्जर बॅकग्राउंड असं जोडलं की गुण दोनदा पडतात आणि पहिल्या लेव्हलचा फायटर पैलवान होऊन बसतो. नियम स्पष्ट आहे: जुन्या वंशाचे वाढीव गुण सोडून द्यायचे. उलट बॅकग्राउंड जुनं असेल तर +२/+१ (किंवा तीनदा +१) आणि एक ओरिजिन फीट आपल्या मर्जीने घ्यायची. मला ही व्यवस्था अर्धीच पटते. पूर्वी बार्बेरियन (क्लास) म्हटलं की हाफ-ऑर्क (वंश) यायचा, आता सोल्जर नाहीतर फार्मर येतो. साचा गेला नाही, जागा बदलली.

सबक्लास (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, त्यातली खास शाखा) आता सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळते. पूर्वी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांना ती पहिल्यालाच, विझर्ड आणि ड्रुइडला दुसऱ्याला मिळायची. म्हणून गट पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवर असताना नियम बदलू नका. ड्रॅगनवंशी सॉर्सररचं १३ अधिक डेक्सटेरिटीचं (चपळाईचं) आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) रातोरात जाईल. नव्या नियमांत ते तिसऱ्याला येतं, १० अधिक डेक्सटेरिटी अधिक करिश्मा असं. लाइफ डोमेनच्या क्लेरिकचं जड चिलखतही सबक्लासमधून येत होतं. नव्या क्लेरिकने पहिल्या लेव्हलच्या डिव्हाइन ऑर्डरमध्ये प्रोटेक्टर निवडला तरच ते टिकतं. तिसरी लेव्हल गाठा, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घ्या आणि सगळ्यांची शीट एकाच बैठकीत बदला.

वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास परिणाम) हा नव्या पुस्तकातला सगळ्यात रंगतदार भाग, आणि खेळ रेंगाळण्याचं पहिलं कारणही तोच. ग्रेटसोर्डला ग्रेझ आहे: वार चुकला तरी अ‍ॅबिलिटी मॉडिफायरइतकी (क्षमतेतून मिळणाऱ्या अधिक-उणे आकड्याइतकी) इजा. रेपियर आणि शॉर्टसोर्डला व्हेक्स: वार लागून इजा झाली की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज. लाँगसोर्डला सॅप (शत्रूच्या पुढच्या वाराला अडचण), लाँगबोला स्लो (वेग कमी), वॉरहॅमरला पुश (मागे ढकलणं), ग्रेटअ‍ॅक्सला क्लीव्ह (शेजारच्या शत्रूवरही वार), डॅगर आणि सिमिटरला निक (बोनस अ‍ॅक्शन न खर्चता दुसऱ्या हाताचा वार). यातली बहुतेक सरळ लागू होतात. अडतं ते शत्रूला आडवं पाडणाऱ्या टॉपलपाशी, म्हणजे मॉल, बॅटलअ‍ॅक्स आणि क्वार्टरस्टाफ अशा शस्त्रांपाशी. दर लागलेल्या वारामागे शत्रूचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाच्या जोरावर बचावाचा फासा). पाचव्या लेव्हलच्या फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (त्याच पाळीत पुन्हा हल्ल्याची सोय) वापरला की एका पाळीत चार सेव्ह. टॉपलवाल्या खेळाडूने आपला डीसी (सेव्हला गाठायचा आकडा: ८ अधिक प्रोफिशिएन्सी बोनस, म्हणजे लेव्हलसोबत वाढणारा आकडा, अधिक मॉडिफायर) शीटवर ठळक लिहावा आणि शत्रूच्या सेव्हचा फासा वाराच्या फाशासोबतच टाकायला सांगावं. निम्मा वेळ वाचतो.

सरमिसळ खरी महागात पडते ती फीटमध्ये. जुन्या ग्रेट वेपन मास्टरमध्ये वारावर -५ घेऊन इजेत +१० मिळायचे. ती धोक्याची पैज होती. ग्रेझमुळे आता चुकलेला वारही कोरडा जात नाही, म्हणजे पैजेतला धोकाच कमी होतो. नव्या फीटमध्ये म्हणून फक्त प्रोफिशिएन्सी बोनसइतकी जादा इजा आहे. जुन्या शार्पशूटरचं -५/+१०ही असंच गेलं. पॅलाडिन या क्लासचं तसंच. जुना डिव्हाइन स्माइट (लागलेल्या वाराला दैवी इजेची जोड) दर वाराला लावता यायचा. पाचव्या लेव्हलला दोन वार लागले आणि दोन्ही दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट (स्पेल वापरण्याच्या मर्यादित संधी) जाळले की ६डी८, सरासरी २७ जादा. नवा स्माइट ही बोनस अ‍ॅक्शनची स्पेल आहे, म्हणून पाळीला एकदाच, आणि काउंटरस्पेलने (दुसऱ्याची स्पेल हाणून पाडणाऱ्या स्पेलने) अडवताही येते. पॅलाडिनवाले कुरकुरतात. कुरकुरू द्या. एकाच नावाची गोष्ट दोन्ही पुस्तकांत असेल तर नवीच घ्यायची, एवढा एक नियम आधी ठरवला की वाद मिटतात.

बाकीचं पटापट. जखमा भरणाऱ्या स्पेलपैकी क्युअर वून्ड्स १डी८ऐवजी २डी८ आणि हीलिंग वर्ड १डी४ऐवजी २डी४ झाल्यामुळे जुन्या साहसातल्या लढती थोड्या सोप्या वाटतील. पोशन पिणं आता बोनस अ‍ॅक्शन. लाँग रेस्टला सगळे हिट डाइस (विश्रांतीत जीव भरून काढायचे फासे) परत, पूर्वी निम्मेच. एक्झॉशनचा (थकव्याचा) जुना सहा पायऱ्यांचा तक्ता गेला. आता दर पायरीला डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) टाकीवर -२ आणि वेगात ५ फुटांची घट, सहाव्या पायरीला मरण. पकड घ्यायला दोघांनी फासे टाकायचं गेलं, समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्सटेरिटीचा सेव्ह करतो.

सगळ्यांनी पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा मोफत दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं, त्यात दर क्लासची एक सबक्लास आणि सगळ्या मास्टरी आहेत. साडेतीनशेहून जास्त पानं आहेत, सगळी छापू नका. शस्त्रांचा तक्ता, मास्टरीचा भाग आणि नियमांची शब्दसूची एवढंच छापा, एकेक प्रत माणशी. नकाशासाठी खजुरी बाजारातून आणलेला इंचाच्या चौकटींचा जुना चार्ट पेपर तसाच चालेल; चौकट अजून पाच फुटांचीच आहे.