दहा बोटांचे ठसे आणि साडेसात महिने: एच-४ ईएडीचा माझा अनुभव

३१ मार्च २०२१ ला संध्याकाळी मी लॅब कोट घडी करून पिशवीत घातला आणि ओळखपत्र सुपरवायझरच्या हातात दिलं. त्या दिवशी मशीनवर लावलेल्या प्लेटमध्ये कोविडचे ९४ नमुने होते आणि उरलेल्या दोन खड्ड्यांत कंट्रोल. रात्री बारा वाजल्यापासून त्या प्लेटला हात लावणं माझ्यासाठी बेकायदेशीर ठरणार होतं. मी काही चुकीचं केलं नव्हतं, रुग्णालयाला मी नको होते असंही नव्हतं. अमेरिकेतल्या माझ्या कामाच्या परवान्याची, म्हणजे ईएडीची, तारीख संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज कुठेतरी पडून होता.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की आजही हात थरथरतात. गेल्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी ‘ईएडीचं तू काय केलं होतंस?’ म्हणून विचारलं. उभ्याउभ्या सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, चार वर्षं सांगलीत लॅबमध्ये काढली आणि २०१४ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. नवरा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, म्हणून मी एच-४. एच-४ म्हणजे नवऱ्यावर अवलंबून. राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एक नियम लागू झाला: नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर लागलेला असेल, तर बायकोला वेगळा अर्ज करून ईएडी, म्हणजे कामाचं कार्ड मिळतं. माझ्या नवऱ्याचा आय-१४० २०१६ मध्ये झाला आणि त्याच वर्षअखेर मला कार्ड मिळालं. सोशल सिक्युरिटी नंबरही त्यानंतरच. सर्टिफिकेशनची परीक्षा दिली, लॅबमध्ये लागले. २०१८ चं नूतनीकरण महिन्याभरात झालं, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

अडलं ते २०२० च्या अर्जाला.

तोवर एक नवा नियम आला होता. मार्च २०१९ पासून एच-४ वाढवून घेणाऱ्या प्रत्येकीला बोटांचे ठसे द्यायचे होते, त्याचे वेगळे ८५ डॉलर. पूर्वी नवऱ्याचा अर्ज प्रीमियममध्ये, म्हणजे जादा पैसे भरून लवकर निकालासाठी, टाकला की बायकोचे कागदही बहुतेक वेळा सोबतच मंजूर होऊन यायचे. ठशांच्या अटीने ती जोडणी तुटली. त्याचं पंधरा दिवसांत व्हायचं आणि तिचं ठशांच्या तारखेसाठी अडून राहायचं. त्यात मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ठसे घेणारी केंद्रं बंद पडली आणि जुलैत हळूहळू उघडली.

मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही १२ ऑक्टोबरला केला. एच-४ चे ३७०, ठशांचे ८५, ईएडीचे ४१०, एकूण ८६५ डॉलर. नवऱ्याचं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झालं. मला पोचपावत्या आल्या आणि मग शांतता.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. रोज सकाळी पावती क्रमांक टाकून बघायचे, तेच वाक्य: अर्ज मिळाला आहे. फोन केला की आधी यंत्र बोलायचं. ‘ठशांची तारीख आलेली नाही’ हे त्या यंत्राला समजावून माणसापर्यंत पोचायला एकदा पन्नास मिनिटं लागली आणि त्या बाईंनी सांगितलं, ‘तुमचा अर्ज नेहमीच्या वेळेच्या आत आहे.’ नेहमीची वेळ किती, तर माझी नोकरी जाण्याच्या तारखेच्या पुढे चार महिने! तातडीने निकाल द्या म्हणून विनंती केली, सोबत रुग्णालयाचं पत्र जोडलं: ही कोविड चाचण्या करते, आमच्याकडे माणसं कमी आहेत. दहा दिवसांनी नकार आला, त्यात कारण नव्हतं.

इथे एक काम आधीच करून ठेवा, मला ते जानेवारीत सुचलं. पोस्ट खात्याची एक फुकट सोय आहे, तुमच्या पेटीत येणाऱ्या पाकिटांचे फोटो रोज सकाळी ईमेलने येतात. नाव नोंदवा. पत्र हरवलं की वाटेत आहे, हे तरी कळतं. माझी सकाळ त्या फोटोंवर सुरू व्हायची. विजेचं बिल, दुकानाची जाहिरात, मुलीच्या शाळेचं पत्र. खिडकीवालं पांढरं सरकारी पाकीट दिसलं की पोटात गोळा यायचा. दोनदा ते नवऱ्याच्या नावाचं निघालं.

फेब्रुवारीत एचआरचा ईमेल आला: ३१ मार्चपर्यंत नवं कार्ड दाखवा, नाहीतर १ एप्रिलपासून काम करता येणार नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं, कायदाच तसा. इतर अनेक प्रकारच्या ईएडीला अर्ज प्रलंबित असताना १८० दिवस आपोआप मुदतवाढ मिळत होती, आम्हा एच-४ वाल्यांना तेव्हा तीही नव्हती.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘अगं, काम सुटलं म्हणून काय झालं, त्याचा पगार आहे की. पोरीकडं बघ जरा.’ त्यांनी मायेनेच म्हटलं. पण मला रडू आलं ते पगारासाठी नव्हतं. वर्षभर मास्कखाली, पोरीला जवळ न घेता मी ते काम केलं होतं, आणि ते कुणाच्या तरी टेबलावरच्या कागदावर टांगलेलं होतं. माझ्या शिक्षणावर नाही, माझ्या कामावर नाही. पोरगी साडेचार वर्षांची, १ एप्रिलला सकाळी मला गाऊनमध्ये बघून म्हणाली, ‘आई, आज विषाणू सुट्टीवर?’

एप्रिलमध्ये मी जे केलं ते खरं तर जानेवारीत करायला हवं होतं, तुम्ही ते लवकर करा: अमेरिकन संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, आपल्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला लिहा. त्यांच्या वेबसाइटवर सरकारी खात्यांशी अडलेल्या कामांसाठी वेगळा फॉर्म असतो. तो भरून, सही करून, पावती क्रमांक देऊन पाठवायचा. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, त्या भागात राहत असलं की पुरे. मला चौथ्या दिवशी एका मुलीचा फोन आला, तिने नाव, तारखा सगळं नीट लिहून घेतलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं होतं. तिच्या चौकशीमुळे झालं की नंबरच आला, हे मी सांगू शकत नाही, पण मेच्या पहिल्या आठवड्यात ठशांचं पत्र आलं.

आणि दहाएक दिवसांत बातमी आली की १७ मे २०२१ पासून एच-४ साठी ठशांची अटच स्थगित केली आहे. ज्यांना पत्र आलेलं नाही त्यांनी जायची गरज नाही. ज्यांना आलंय त्यांनी मात्र जायचं. माझ्या हातात पत्र होतं.

२७ मेला गेले. एका माणसाने काचेवर एकेक बोट ठेवायला लावलं. लॅबमध्ये सतत हात धुऊन, सॅनिटायझर लावून माझ्या बोटांची कातडी घासली गेली होती, दोन महिने घरी बसूनही उजव्या अंगठ्याचा ठसा पहिल्यांदा उमटला नाही. त्याने ओल्या कपड्याने अंगठा पुसला, दाबून धरला, उमटला. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चौदा मिनिटं. ज्यासाठी साडेसात महिने थांबले ते चौदा मिनिटांत झालं. गाडीत बसून मी खूप वेळ किल्लीच फिरवली नाही.

जुलैत एच-४ मंजूर, चार दिवसांनी ईएडी, ऑगस्टमध्ये कार्ड हातात. दिवसपाळीची माझी जागा भरली होती. सप्टेंबरपासून मला रात्रपाळी मिळाली आणि ती मी आनंदाने घेतली.

आता मुद्द्याचं. ही एका बाईची रड नाही. एच-४ ईएडी घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका आहेत आणि बहुतेक सगळ्या भारतातल्या, कारण भारतीयांचीच रांग इतकी लांब आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली सात टक्के ही मर्यादा. २०२१ च्या त्या वसंतात भारतीयांच्या ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांच्या, रांगेत २०१० च्या आसपास रांगेत लागलेल्यांचा नंबर चालू होता, आमची तारीख २०१५ ची. ही देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं, तरी कायदा झाला नाही. रांग हलत नाही तोवर बाई ‘डिपेंडंट’च राहते. माझ्या ओळखीतल्या एकीचा मुलगा दोन वर्षांचा असताना पुण्याहून आला, २१ पूर्ण झाल्यावर तो आईबापांच्या अर्जातून बाहेर पडेल. त्याला मराठी धड वाचता येत नाही, पण कागदोपत्री तो परदेशी.

आणि नवराच राहिला नाही तर? २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोटला यांची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचा इथे राहण्याचा आधारही त्यांच्यासोबतच गेला. तिथल्या काँग्रेस प्रतिनिधीने मदत केली म्हणून त्यांना इथे राहता आलं. घटस्फोटातही एच-४ संपतं. म्हणून घरात मार खाऊनही गप्प बसणाऱ्या बायका आहेत, मी एकीला जवळून पाहिलं आहे. अशा कुणाला हे सांगा: छळ करणाऱ्या एच-१बी नवऱ्याच्या पत्नीला आय-७६५व्ही या वेगळ्या फॉर्मवर स्वतःचं ईएडी मागता येतं. आमच्या न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, तिथे बोला.

माझं मागणं एकच आणि ते अशक्य नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोर्टातल्या एका तडजोडीनंतर एल-२ वरच्या बायकांना (कंपनीने परदेशातून अमेरिकेत बदली केलेल्यांच्या बायकांचा व्हिसा) वेगळ्या ईएडीची गरजच उरली नाही, त्यांच्या दर्जातच कामाची परवानगी आली. त्याच तडजोडीत आम्हा एच-४ ना फक्त मुदतवाढ मिळाली, तीही आय-९४ च्या, म्हणजे इथे राहण्याची मुदत सांगणाऱ्या नोंदीच्या, तारखेपुरती. आय-९४ आणि ईएडी बहुतेक एकाच दिवशी संपतात, म्हणजे ती वाढ बहुतेकींच्या उपयोगाची नव्हतीच. जे एल-२ ला देता आलं ते एच-४ ला द्या. एच-४ ईएडीच्या नियमाविरुद्ध २०१५ पासून चाललेला खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिल्यामुळे संपला, म्हणजे एच-४ ईएडी सध्या टिकून आहे. पण प्रशासनाने केलेला नियम प्रशासन काढू शकतं. ते संसदेने कायद्यात लिहायला हवं.

राहिलेल्या गोष्टी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, थोडे अपवाद सोडले तर कुणालाच. नवरा-बायकोचे अर्ज एकत्र निकाली काढण्याची कोर्टातली दुसरी तडजोडही जानेवारी २०२५ मध्ये संपली. २०२३ च्या अर्जात मला तिचा फायदा झाला होता, पाच आठवड्यांत कार्ड आलं होतं, आता त्या भरवशावर राहू नका. सहा महिने आधी म्हणजे पहिल्याच दिवशी अर्ज टाका. फॉर्मची आवृत्ती पाठवायच्या आदल्या रात्री तपासा, जुनी असेल तर सगळं पाकीट परत येतं. बऱ्याच राज्यांत गाडीचं लायसन्सही आय-९४ च्या तारखेला बांधलेलं असतं, ते वेगळं लक्षात ठेवा. आणि ठसे द्यायची वेळ आलीच, तर आधी आठवडाभर रोज रात्री बोटांना खोबरेल चोळा.

माझं आत्ताचं कार्ड मार्च २०२७ पर्यंत आहे. सप्टेंबरमध्ये पुन्हा पाकीट जाईल. दोन बाय दोनचे फोटो मी आजच काढून आणलेत.