छोटी इलेक्ट्रिक स्कूटर बदलून मोठी घेताना: घोडबंदर रोडवरचा माझा अनुभव

जुनी स्कूटर ताशी २५ किलोमीटरची, विनानोंदणीची. मोटर २५० वॉट, बॅटरी ६० व्होल्ट २८ अँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम १.७ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर, १,००० वॉट-अवर). कासारवडवली ते ठाणे स्टेशन असा तिचा रोजचा रस्ता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती बदलून ३.७ युनिटची, नोंदणीची स्कूटर घेतली. शोरूमला जाण्याआधी जुन्या गाडीचा पूर्ण पंचनामा केला आणि त्याचा फार उपयोग झाला. ती नेमकी कशाने त्रास देत होती हे कळलं, तेव्हा नव्या गाडीबद्दल काय काय विचारायचं याची यादी आपोआप तयार झाली.

पहिला त्रास: मीटरवर ४० टक्के चार्ज दिसत असताना पुलाच्या चढावर गाडी एकदम बंद, दोन मिनिटांनी पुन्हा चालू. उभ्या गाडीत मल्टिमीटर ६१ व्होल्ट दाखवायचा, चढावर थ्रॉटल पूर्ण दिला की ४९च्या खाली. बॅटरीचा हा पॅक एकापुढे एक जोडलेल्या १६ सेल-गटांचा. पूर्ण भरलेला ६७.२ व्होल्ट, आणि गटामागे ३ व्होल्ट धरले तर ४८ला रिकामा. मेकॅनिकने बॅलन्स वायरींवर (प्रत्येक गटापासून निघणाऱ्या बारीक वायरी) प्रत्येक गट वेगळा मोजला, तेव्हा १५ गट ३.८ व्होल्टच्या आसपास आणि एक ३.४ला निघाला. तो एक अशक्त गट भाराखाली सगळ्यांच्या आधी तळ गाठतो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, पूर्ण पॅकचा पुरवठा तोडतो. हे मोजमाप घरी करू नका. बॅलन्स वायरींची टोकं चुकून एकमेकांना टेकली तर ठिणगी पडून पॅक पेटू शकतो.

दुसरा त्रास: निघताना हिसके आणि घरघर. हा बहुतेक वेळा चाकातल्या मोटरच्या हॉल सेन्सरचा (मोटर फिरताना कुठे आहे ते सांगणारा सेन्सर) दोष असतो. सेन्सरच्या लाल-काळ्या वायरीत ५ व्होल्ट येतात का ते पाहायचं. मग चाक हाताने हळू फिरवत पिवळी, हिरवी आणि निळी वायर एकेक करून तपासायची. प्रत्येकीवर व्होल्टेज शून्य आणि ५ असं आलटून-पालटून बदललं पाहिजे. माझ्या गाडीत निळी अडकलेली होती. केबल ॲक्सलमधून आत शिरते तिथे ती वाकते, रबर चिरतं आणि पाणी तिथूनच मोटरमध्ये जातं. मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरजवळ फेज वायरचे (मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरी) बुलेट कनेक्टरही वितळलेले होते. सैल जोड, वर जास्त करंट, म्हणून उष्णता.

जास्त करंट का लागत होता? कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, पूल ओळीने आहेत. गाडी आणि दोन माणसं मिळून २१० किलो धरा. २५ मीटरमागे १ मीटर चढ, वेग ताशी २० किलोमीटर. नुसतं वर चढायला साधारण ४६० वॉट लागतात, टायरच्या घर्षणाला आणखी १७० वॉट. चाकावर ६३० वॉट हवेत, मोटर २५० वॉटची. चढावर वेग थोडाफार पडला तरी मोटर आणि कंट्रोलर रोज क्षमतेच्या वरच राहतात. नवा कंट्रोलर, नवी मोटर, नवी बॅटरी बसवून हे गणित बदलत नाही. सपाट रस्त्याच्या, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी ही गाडी ठीक. घोडबंदरसाठी ती कमीच पडते, हे माझं ठाम मत झालं.

आता नवी किती मोठी? मला ऐरोलीपर्यंत थेट जायचं होतं, कळवा-विटावामार्गे जाऊन-येऊन ४० किलोमीटर, वर १० इकडचे तिकडचे. माहितीपत्रकातला रेंजचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, त्यावर हिशेब करू नये. मोठी स्कूटर रहदारीत किलोमीटरला साधारण ३५ वॉट-अवर घेते असं धरा. ३.७ युनिटपैकी ९० टक्के वापरायला मिळाले तर ३.३३ युनिट, म्हणजे ९५ किलोमीटर. बॅटरी जुनी होऊन ८० टक्क्यांवर आली की ७६. त्यातला पाचवा भाग राखीव ठेवला की उरले ६१. माझे ५० त्यात बसतात. हेच गणित २.२ युनिटच्या स्वस्त मॉडेलला लावलं तर शेवटी ३६ किलोमीटर उरतात. वरचं मॉडेल घेण्याचं खरं कारण हे होतं. टचस्क्रीन आणि गाण्यांची सोय त्यानंतरची.

मोटर कुठे आहे हेही पाहा. टीव्हीएस आयक्यूबमध्ये ती चाकात आहे. एथर ४५० मध्ये ती मध्यभागी बसते आणि बेल्टने चाक फिरवते. चाकातली मोटर साधी, बेल्टची कटकट नाही. पण तिचं वजन सस्पेन्शनच्या खाली येतं, खड्ड्याचा दणका थेट तिलाच बसतो. मेट्रोच्या कामाने घोडबंदरची जी अवस्था झाली ती पाहून मी मधली मोटर निवडली. पार्किंगमध्ये प्लग मिळणारच नसेल तर हिरोच्या विडासारखी, बॅटरी काढून घरात नेता येणारी गाडी बघावी.

त्यामुळे बुकिंगच्या आधी चार्जिंग पॉइंट. या क्रमात घाई केली की गाडी दारात येते आणि एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळतो. सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला. वायर माझ्याच मीटरवरून येणार, खर्च माझा, काम परवानाधारक ठेकेदाराचं, सोबत रेखाचित्र, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मीटर रूम ते पार्किंग ३० मीटर. चार्जर चार अँपिअरच्या आतबाहेर घेतो, त्याला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. जाण्या-येण्याच्या ६० मीटरमध्ये दोन व्होल्टही पडत नाहीत. पुढेमागे कारचा विचार असेल तर आताच जाड वायर आणि मोठा पाइप टाकून घ्यावा, भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही हवेत. एमसीबी शॉर्ट आणि ओव्हरलोडला पडतो. ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या अंगातून गळणारा करंट त्याला कळत नाही, तो आरसीसीबीला कळतो. बॉक्स जमिनीपासून १.४ मीटरवर लावला, कारण पावसात पार्किंगमध्ये पाणी येतं. शेवटी वायरमनकडून लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्ट मोजून घेतले. दोन-तीनच्या आत असावेत. अर्थिंग नसेल तर कित्येक चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि लोक गाडीला दोष देत बसतात.

टेस्ट राइड शोरूमभोवतीच्या गल्लीत घेऊ नका. मागे माणूस बसवून एकच पूल चार-पाच वेळा चढलो. तापल्यावर ताकद किती उतरते ते यात कळतं. सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के आणि किलोमीटर लिहून ठेवले. २० टक्क्यांखाली गाडी कशी पळते तेही विचारा, कारण तिथे बहुतेक गाड्या स्वतःहून ताकद कमी करतात. पाण्याबद्दल: आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास चाचणी. ती बॅटरीची की मोटरचीही, हे लेखी घ्या. आणि आयपी६७ आहे म्हणून वंदना टॉकीजजवळच्या किंवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यात गाडी घालू नका. बेअरिंग, ब्रेक आणि जुने झालेले कनेक्टर त्या चाचणीत नसतात.

कोटेशन ओळ न् ओळ वाचलं. जीएसटी ५ टक्के. महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कर माफ, बॅटरीच्या गाड्यांना आरसीचं नोंदणी शुल्कही २०२१ पासून माफ. या दोन ओळींत रक्कम दिसली तर विचारायचं. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून किलोवॉट-अवरला ५,००० आणि कमाल १०,००० रुपये होते. १ एप्रिल २०२५ पासून ते २,५०० आणि कमाल ५,००० झाले. खरेदीच्या वेळी अनुदान चालू असेल तर मिळणारी रक्कम बिलात वजा झालेली दिसली पाहिजे. विम्यात थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचा लागतो, इलेक्ट्रिकला त्यात १५ टक्के सूट आहे. स्वतःच्या नुकसानीच्या भागात बॅटरीत पाणी शिरल्याचा खर्च मिळतो का, ते पॉलिसीच्या मजकुरात शोधा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. छोट्या गाडीला लायसन्स लागत नव्हतं, या गाडीला लागतं. ठाण्याचा पत्ता असेल तर नंबर एमएच ०४, वाशी-नेरुळचा असेल तर एमएच ४३. प्लेट हिरवी, अक्षरं पांढरी.

ताबा घेताना अर्धा तास दिवसाउजेडी द्या. फॉर्म २१ वर (विक्रीचा दाखला) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. चेसिस, मोटर, बॅटरी आणि चार्जरचे नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवून फोटो काढले. बॅटरीच्या नंबरात एका अक्षराची चूक राहिली तरी पुढे वॉरंटीचा दावा अडतो. टायरवरचे चार आकडे बघा, २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. वॉरंटीत क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देणार, ती कोण आणि कशी मोजणार, हे आधीच वाचून घ्या.

जुन्या गाडीला आरसी नाही, त्यामुळे मालकी बदलाच्या फॉर्म २९-३०चा प्रश्न आला नाही. तरीही साध्या कागदावर विक्रीपत्र केलं. चेसिस नंबर, मोटर नंबर, तारीख, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. सांगाडा आणि मोटर भागांसाठी एका मेकॅनिकने घेतली. बॅटरी मात्र त्याला दिली नाही. अशक्त गट असलेला पॅक उघडून चांगले सेल दुसरीकडे जोडले जातात आणि आगी तिथूनच लागतात. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. चार्ज ३० टक्क्यांवर आणला, टर्मिनलना चिकटपट्टी लावली, पॅक न उघडता विक्रेत्याकडे दिला आणि नंबरासह पोच घेतली. विक्रेता आधी टाळाटाळ करत होता, नियमाचं नाव लेखी घातल्यावर घेतली.

नवी गाडी आल्यावर पार्किंगच्या बॉक्समध्ये छोटा सबमीटर बसवला. पहिल्या ५०० किलोमीटरला सबमीटरवर १९ युनिट पडले, म्हणजे किलोमीटरला ३८ वॉट-अवर. गाडीचा डिस्प्ले ३३ सांगतो. मधले पाच चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, आणि बिल मात्र सबमीटरच्या आकड्याचं येतं.