आमची वाटचाल : कोटेशनच्या आधी एक दिवस गेटवर

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि दोन मदतनीस घेऊन मी सुरुवात केली. जाळ्या, जिने, पत्र्याच्या शेड, जे मिळेल ते काम घ्यायचो. मग शेजारच्या गाळ्यात चोरी झाली आणि तिथल्या मालकांनी बोलावलं. कुलूप जसंच्या तसं होतं. चोरांनी गेटचा एक पल्ला बिजागरातून वर उचलून बाजूला ठेवला होता. तेव्हापासून आम्ही बनवतो त्या गेटचं वरचं बिजागर उलटं बसतं, त्यामुळे पल्ला उचलताच येत नाही. कुलपाभोवती जाड पत्र्याची पेटी असते आणि आडव्या पट्ट्या कायम आतल्या अंगाला. बाहेरून लावल्या तर चढायला आयती शिडी होते.

मोटरच्या गेटांकडे आम्ही चाकणच्या कामांमुळे वळलो. तिथे माझ्या हातून झालेली चूक सांगायलाच हवी. सरकतं गेट बसवताना फोटोसेल, म्हणजे मधे काही आलं की किरण अडून गेट थांबवणारा सेन्सर, एकच लावला, गुडघ्याच्या उंचीवर. कारसाठी ते बरोबर होतं. एके दिवशी ट्रेलर गेटमध्येच थांबला. फोटोसेलचा किरण त्याच्या पोटाखालून, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेतून आरपार गेला. गेटच्या लेखी रस्ता मोकळा होता, ते बंद व्हायला लागलं आणि ट्रेलरवर आदळलं. कोणाला लागलं नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं स्वखर्चाने बदलून दिलं. आता खाली एक आणि ट्रेलरच्या हौद्याच्या उंचीला दुसरा असे दोन फोटोसेल लावतो, शिवाय जमिनीत लूप, म्हणजे वर आलेल्या गाडीचं लोखंड ओळखणारं तारेचं वेटोळं. नुसत्या लूपवरही भिस्त ठेवत नाही, कारण उंच गाडीचं लोखंड जमिनीपासून लांब राहिलं की लूपला ती दिसेनाशी होते.

सरकतं गेट रुळावरून सुटून वॉचमनच्या अंगावर पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. बहुतेक वेळा टोकाचा स्टॉपर नसतो, किंवा तुटल्यावर कोणी परत लावलेला नसतो. त्याला लागणारं लोखंड आमच्या शेडच्या कोपऱ्यात पडलेलं असतं! दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर आणि वरून आधार देणारे गाइड रोलर नसतील, तर ते काम आम्ही घेत नाही.

चाकणच्या त्या प्रसंगानंतर एक सवय लागली. कोटेशन देण्याआधी मी किंवा आमचा फोरमन एक अख्खा दिवस त्या गेटवर वॉचमनशेजारी बसतो. पाळी सुटताना किती माणसं एकदम बाहेर पडतात, ट्रेलर कुठून वळतो, पावसाचं पाणी कुठे साचतं, हे कागदावरच्या नकाशात दिसत नाही. माणसांसाठी मोठं गेट उघडावं लागत असेल, तर ते दिवसभर उघडंच राहतं आणि मग महागडं कुलूप असून नसल्यासारखं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही येण्याजाण्यासाठी दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, ठेवलेली आहेच. आम्ही तीच ठेवतो, तिला कार्ड रीडर जोडतो. बोटांचे ठसे घेणारी मशीनं कारखान्यात मी सुचवत नाही. तेलाने माखलेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या बोटांना ती ओळखत नाहीत आणि रांग रस्त्यापर्यंत जाते.

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे पुण्याकडच्या कारखानदाराला सांगायला नको. मोटर हाताने सोडवायची किल्ली कुठे आहे, हे मी सगळ्यात आधी विचारतो. बऱ्याच ठिकाणी ती मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवरला कुलूप. ती वॉचमनच्या केबिनमध्येच हवी, आणि प्रत्येक पाळीच्या वॉचमनने ती एकदा स्वतः फिरवून पाहिलेली हवी. आग लागली तर बंब आत घ्यायला मॅनेजरची वाट बघता येत नाही. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहिता प्रवेशाची रुंदी किमान 6 मीटर सांगते. साध्या गोदामालाही आम्ही तेवढीच धरतो.

सध्या तळेगावच्या एका गोदामाचं काम बोलणीत आहे. मालकांना गेट अगदी रस्त्यालगत हवंय. 40 फुटी कंटेनरचा ट्रेलर तोंडापासून शेपटापर्यंत 50 फुटांच्या वर जातो. गेट उघडेपर्यंत तो रस्त्यावर आडवा राहील, म्हणून ते आत घ्या असं मी सांगतोय. त्यात त्यांची जागा जाते, त्यामुळे अजून होकार नाही. सोमवारी फक्की घेऊन जातोय. ट्रेलर जमिनीवर पूर्ण मापात आखून दाखवणार आहे.